मदत हवी आहे: ॲकॉस्टिक गिटार कटअवे घ्यावी की साधी?

नमस्कार मंडळी,
सध्या माझ्याकडे यामाहा एफ३१० आहे. साधी ड्रेडनॉट (मोठी, रुंद बॉडी), कटअवे नाही, म्हणजे नेकजवळ (दांडीजवळ) बॉडीला काप नाही. आता नवीन घ्यायची आहे, बजेट २५ हजारांपर्यंत.

आमचा भावगीतांचा छोटा ग्रुप आहे. गायिकेची पट्टी काळी चार. चौथ्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, लावून ई मेजरचे शेप धरतो, कॉर्ड्सना काही अडचण नाही. पण बासरीवाला आला नाही की मधले पीस माझ्या गळ्यात पडतात. बासरीच्या सप्तकात वाजवायचं तर पहिल्या तारेवर सा १६व्या फ्रेटवर, रे १८व्या आणि ग थेट २०व्यावर, म्हणजे शेवटच्याच. नेक बॉडीला मिळते १४व्यावर. सा कसाबसा गाठतो. पुढे तळहाताची कड बॉडीवर अडते, अंगठा नेकमागून सुटतो, तार नीट दाबली जात नाही आणि सूर झणझणतो. खालच्या सप्तकात घेतलं तर पीस पेटीत बुडतो.

एक दुकानदार म्हणतो कटअवेने बेस जातो, दुसरा म्हणतो हल्ली सगळे कटअवेच नेतात. जो माल समोर होता त्याचंच कौतुक चाललं होतं, हे सांगायला नको.

बेस खरंच जातो का? कार्यक्रमात माइकसमोर वाजवतो, पिकअप (गिटारीला बसवलेला माइक) नाही. दिसायला मला साधीच आवडते, त्यामुळे कुणी ‘साधीच घे’ म्हणालं तर आनंदच होईल. फक्त कारण द्या.

प्रतिसाद:
आनंद देता येणार नाही, तुम्हाला कटअवेच लागणार :)

बेसचं म्हणाल तर वरची फळी सगळ्यात जास्त हलते ती ब्रिजच्या (बॉडीवर तारा अडकवतात त्या पट्टीच्या) आसपास, खालच्या रुंद भागात. कटअवेत जातो तो नेकजवळचा खांदा. तिथे आतून आडवी पट्टी असते, फळी तशीही फारशी हलत नाही. आतली हवा थोडी कमी होते, एवढंच. पण बरीच कटअवे मॉडेल्स मुळात छोट्या कॉन्सर्ट बॉडीची असतात. बेस कमी वाटतो तो त्यामुळे, आणि नाव कटअवेचं खराब होतं. ड्रेडनॉट बॉडीतलीच कटअवे बघा.

ब्लूग्रासवाले (अमेरिकन लोकसंगीत वाजवणारे) साध्या ड्रेडनॉटला चिकटून असतात ते खरं, पण त्यांचं बरंचसं काम नेकच्या पहिल्या काही फ्रेट्सवर होतं. फिंगरस्टाइलवाले (बोटांनी तारा छेडणारे) वरच्या फ्रेट्सवर जातात, म्हणून त्यांच्यात कटअवे जास्त दिसते. काप गोल की टोकदार, हा दिसण्याचा प्रश्न. तो किती खोल आहे ते बघा. नेकचा जोड जाड असेल तर अंगठा तिथेही अडतो.

दुकानात कॅपो घेऊन जा, चौथ्यावर लावा आणि तुमचाच पीस वाजवा. स्वस्त गिटारीत वरच्या फ्रेट्सवर तारा उंच असतात. तसं असेल तर पैसे देण्याआधी सेटअप (तारांची उंची जुळवणं) करून मागा.