मदत हवी आहे : हनफी इमामामागे फजरचा कुनूत कसा पढावा?

अस्सलामु अलैकुम. आम्ही कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई; शाफई आणि हनफी या नमाजच्या रीतीत थोडा फरक असलेल्या दोन सुन्नी परंपरा. कुर्ल्यात घराजवळची मशीद मात्र हनफी. आपल्यात फजरच्या (पहाटेच्या नमाजच्या) दुसऱ्या रकातीत (फेरीत) रुकूनंतर, म्हणजे कमरेत वाकून उठल्यावर, कुनूत ही दुआ उभ्याने पढणं सुन्नत (पैगंबरांची रीत), राहिलं तर सजदा-ए-सहू, म्हणजे चूक भरून काढायला कपाळ टेकून केलेले दोन जादा सजदे. हनफी इमाम फजरला कुनूत पढत नाहीत. त्यांचा कुनूत वित्रमध्ये (रात्रीच्या इशानंतरच्या नमाजात), तोही रुकूआधी.

अब्बा आता गाव सोडून आमच्याकडेच राहतात. कुनूत फर्ज (सक्तीचा) नाही, त्याविना नमाज होते, हे त्यांना ठाऊक आहे. तरी आयुष्यभर जपलेली सुन्नत रोज सुटते म्हणून त्यांचा जीव तुटतो, आणि ते मला बघवत नाही. इमाम सजद्यात जाईपर्यंत छोटी दुआ उरकावी, की इमामाच्या सलामनंतर (त्यांची नमाज संपल्यावर) एकट्याने सहूचा सजदा करावा? जमात (इमामामागची सामूहिक नमाज) सोडून घरी पढायला ते तयार नाहीत. कुणी शाफई आलिमांना (धर्मपंडितांना) विचारलं असेल तर कृपया सांगा.