अनुभव धागा: चेहरा किती घासायचा, कशाने, आणि कुणी घासायचाच नाही

धागाकर्ती, सांगली

थंडी ओसरताना चेहऱ्यावर भुरका दिसायला लागतो. त्यातच लग्नसराई तोंडावर येते आणि घराघरांत डाळीचं पीठ, साखर, लिंबू बाहेर निघतं. हा धागा मेलेली त्वचा काढण्याबद्दल आहे. पार्लर, सलून, औषधाचं दुकान, दवाखाना, जिथे कुठे तुम्ही हे रोज हाताळता तिथलं लिहा. "मला सूट झालं" एवढ्यावरून दुसऱ्याला काहीच कळत नाही. टक्केवारी, मिनिटं, थेंब आणि बिघडतं कशाने, ते सांगा.

सुरुवात मी करते. त्वचेचा सगळ्यात वरचा मेलेल्या पेशींचा थर केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असतो, आणि तो काही मळ नव्हे. आतलं पाणी धरून ठेवणं आणि बाहेरचं आत येऊ न देणं ही कामं तोच करतो. तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळायला तरुणपणी साधारण चार आठवडे लागतात, पुढे वयाबरोबर जास्त. म्हणजे त्वचा आपलं काम करतच असते, आपण फक्त अडकलेलं थोडं सैल करायचं.

आधी त्वचेचा प्रकार बघा. सौम्य फेसवॉशने चेहरा धुवा, टिपा, काही लावू नका. तासाभराने टिश्यू पेपर कपाळ, नाक आणि गालांवर दाबा. सगळीकडे तेल उमटलं तर तेलकट, फक्त कपाळ-नाक-हनुवटीवर उमटलं तर मिश्र. कागद कोरडा आणि चेहरा ओढल्यासारखा वाटत असेल तर कोरडी. लाल होत असेल, चुरचुरत असेल तर संवेदनशील. एक फसवी अवस्थाही असते: तेलकट चेहरा दिवसातून चार-पाच वेळा साबणाने धुतला की तेल येतच राहतं आणि वर पापुद्रेही सुटतात. लोक त्याला आणखी घासतात, आणि तिथूनच बिघाड सुरू होतो.

कराडची पार्लरताई

घासायच्या स्क्रबबद्दल मी लिहिते. विकतचा असो की घरचा, आधी चिमूटभर घेऊन ओल्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा. टोचलं तर ते चेहऱ्याचं नाही. अक्रोडाच्या टरफलाची पूड, मीठ, जाड साखर, कॉफीचा चोथा, जाडसर दळलेली मसूर या सगळ्यांना कडा असतात. त्या डोळ्यांना न दिसणारे ओरखडे काढतात. साखर निदान पाण्यात विरघळून बोथट होते, टरफल होत नाही.

घरचं करायचं तर एक चमचा मसुरीचं किंवा तांदळाचं पीठ घ्या, पण वस्त्रगाळ, मिक्सरमधून काढलेलं नाही. त्यात दीड-दोन चमचे ताजं दही (तेलकट त्वचेला) किंवा सायीसकट दूध (कोरडीला). पातळ पेजेसारखं व्हायला हवं. ओल्या चेहऱ्यावर अनामिकेने फिरवायचं, अंगठ्याने नाही. उकडीच्या मोदकाच्या पारीवर बोट फिरवलं तर ती फाटू नये, इतकाच दाब. सगळ्या चेहऱ्याला मिळून तीस ते चाळीस सेकंद. मग कोमट पाणी, मऊ कापडाने टिपणं, आणि चेहरा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लेप पूर्ण वाळू देणं. वाळलेलं पीठ खरवडून काढताना जे घर्षण होतं ते स्क्रबपेक्षा दुप्पट वाईट. लेप ओला असतानाच धुवा. टाचेची वज्री, आंघोळीची घासणी, खरखरीत पंचा, यांना चेहऱ्यापासून लांब ठेवा.

किती वेळा? तेलकट त्वचेला आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कोरडीला दहा-बारा दिवसांनी एकदा. पिकलेल्या, पू असलेल्या मुरमांच्या चेहऱ्याला एकदाही नाही.

लग्नाबद्दल कळकळीने सांगते. ब्लीच, स्क्रब, वाफ, ब्लॅकहेड्स काढणं, थ्रेडिंग आणि वर पील-ऑफ मास्क, एका बैठकीत सहा गोष्टी करून घेणाऱ्या मुली येतात. एकेकटी गोष्ट बहुतेक चेहरे सोसतात, सहा एकदम नाही. जे काही नवीन करायचं ते लग्नाच्या सहा आठवडे आधी सुरू करा. शेवटच्या सात दिवसांत फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. थ्रेडिंगच्या आधी आणि नंतर दोन दिवस ॲसिड (मेलेली त्वचा सैल करणारं बाटलीतलं द्रव) लावू नका, नाहीतर वरच्या ओठावर कातडी सोलते आणि तिथे मिशीसारखा काळा पट्टा उरतो.

पार्लरवाल्या बहिणींनो, वॅक्स करण्याआधी विचारा: रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, ॲडापालीन (ही रेटिनॉइड गटातली, कातडी नाजूक करणारी क्रीमं) लावता का? मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, किंवा गेल्या सहा महिन्यांत होत्या का? उत्तर "हो" असेल तर चेहऱ्याला वॅक्स नाही. पट्टीबरोबर कातडी येते.

औषधाच्या काउंटरवरून, सातारा

ताईंनी घासण्याचं लिहिलं, मी बाटलीतलं लिहितो. ॲसिड ऐकून लोक दचकतात, पण आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेला योग्य टक्केवारीचं ॲसिड जाड दाण्यांपेक्षा बहुतेक वेळा सोयीचं पडतं. ते पेशींमधले दुवे सैल करतं, रगडावं लागत नाही.

तेलकट चेहरा, ब्लॅकहेड्स, बारीक मुरमं: सॅलिसिलिक, अर्धा ते दोन टक्के. ते तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात साचलेल्या तेलातून आत शिरतं. सुरुवात फेसवॉशने करा, मिनिटभर ठेवून धुवा. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे टाळा.

कोरडी त्वचा: लॅक्टिक, पाच टक्के. हे पाणीही धरतं. डाग लवकर पडणारी सावळी त्वचा: मँडेलिक, पाच ते दहा टक्के. त्याचा रेणू मोठा, म्हणून हळू आत जातं आणि कमी झोंबतं. संवेदनशील त्वचा: ग्लुकोनोलॅक्टोन, आणि तेही नाही मानवलं तर काहीच नाही. ग्लायकोलिकचा रेणू या सगळ्यांत लहान, म्हणून झपाट्याने शिरतं. गुणही लवकर, भाजणंही लवकर. घरी दहा टक्क्यांच्या वर किंवा साडेतीनच्या खालच्या पीएचचं (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा लहान तितकं तीव्र) घेऊ नका. डब्यावर पीएच छापलेला नसेल तर पाच टक्केच न्या. तीस टक्क्यांची, दहा मिनिटांत धुवायची लाल पीलं (वरचा थर सोलून काढणारी तीव्र ॲसिडं) ऑनलाइन सर्रास मिळतात. पहिल्यांदा ॲसिड लावणाऱ्याने ती घेऊच नयेत.

पद्धत. कानाखाली जबड्याच्या कडेला रुपयाएवढ्या जागी सलग तीन रात्री लावून बघा. ठीक असेल तर पहिले दोन आठवडे आठवड्यातून एकच रात्र, मग दोन. तीन रात्री ही शेवटची हद्द, तीही फक्त तेलकट त्वचेला. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, दहा मिनिटं तरी, कारण ओल्या त्वचेत ॲसिड जास्त शिरतं. नाकपुड्यांच्या खाचा, ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे यांना आधी पेट्रोलियम जेली. मग दोन-तीन थेंब तळहातावर घेऊन दाबत लावा. कापसाने नको, कापूस निम्मं पितो आणि वर घासतो.

मिनिटभर मुंग्या येणं चालतं. दोन-तीन मिनिटांनीही जळत असेल तर भरपूर साध्या पाण्याने धुवा. घरी बेकिंग सोडा चोळून "ॲसिड मारायला" जाऊ नका. निरोगी त्वचा किंचित आम्ल असते, पीएच पाचच्या आसपास. सोडा तिला उलट्या टोकाला नेतो. लिंबू दुसऱ्या टोकाचं, पीएच दोनच्या जवळपास, आणि त्याची टक्केवारी कुणीच सांगू शकत नाही.

ट्रेटिनॉइन, ॲडापालीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड (मुरमांवरचं औषध) चालू असेल तर त्या रात्री ॲसिड नाही. गरोदरपणी रेटिनॉइड बंद, सॅलिसिलिकची पीलं नकोत. लॅक्टिक चालतं, तरी डॉक्टरांना विचारून घ्या.

सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ तीस किंवा जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीएवढ्या दोन रेघा, चेहरा आणि मानेला मिळून. ग्लायकोलिक, लॅक्टिक यांनी त्वचा उन्हाला जास्त हळवी होते आणि ॲसिड बंद केल्यावरही आठवडाभर तशीच राहते. सनस्क्रीन लावायची तयारी नसेल तर मी ॲसिड विकत नाही, परत पाठवतो.

महाबळेश्वरवाला

पावसाळ्यात धुक्यामुळे लोक सनस्क्रीन सोडतात. ढगांतूनही अतिनील किरणं येतात, म्हणून ॲसिड चालू असेल तर जुलैतही लावा. आणि स्ट्रॉबेरी खायची. बियांसकट कुस्करून गालावर घासली की बियाच टोचतात.

माणदेशी

दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत इकडे बोअरचं पाणी जड. त्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चुना आणि साबण मिळून पांढरा साका होतो आणि तो चेहऱ्यावर वाळतो. बायका त्यालाच डेड स्किन समजून रगडतात.  साबणाऐवजी साबणविरहित फेसवॉश घ्या आणि शेवटचा एक तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा ओता. निम्म्या जणींना मग स्क्रबची गरजच उरत नाही. कोरडी हवा आहे, म्हणून इथे कुठल्याही प्रमाणातून एक पायरी खाली या: आठवड्यातून दोनदा लिहिलं असेल तर एकदा.

सलूनवाला, तासगाव

पुरुषांसाठी थोडं. वस्तरा स्वतःच मेलेला थर काढतो, दाढीच्या भागाला वेगळा स्क्रब नको. मानेवर केस आत वळून गाठी येतात, त्या नखाने किंवा दाण्यांनी फोडू नयेत. दाढी न करण्याच्या रात्री, आठवड्यातून दोनदा, दोन टक्के सॅलिसिलिक तेवढ्याच जागी लावायचं. दाढीच्या आधी आणि नंतर एक-एक दिवस मोकळा. तुरटी ओल्या कापल्यापुरती ठीक, रोज सगळ्या चेहऱ्यावर फिरवली तर कातडी कोरडी पडते.

मिरजकर, त्वचा विभाग

ज्यांनी थांबायचं त्यांच्याबद्दल लिहितो. भुवया आणि नाकाच्या बाजूला पिवळसर, तेलकट पापुद्रे आणि डोक्यातही कोंडा असेल तर तो सेबोरिक डर्माटायटिस. स्क्रबने तो पेटतो, औषध वेगळं आहे. कपाळावर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या असतील तर बुरशीची तपासणी करा. गालावर वांग असेल तर घर्षण आणि उष्णता दोन्हींनी तो गडद होतो, म्हणून स्क्रब आणि वाफ दोन्ही बंद. ओठावर वारंवार ‘जर’ (हर्पिसच्या पाणीदार पुटकुळ्या) उठत असेल तर पील डॉक्टरांशिवाय नाही.

गोरेपणाची क्रीम महिनोन् महिने लावून चेहरा पातळ, लाल आणि केसाळ झाला असेल तर त्यात स्टिरॉइड असण्याची शक्यता मोठी. 2018 मध्ये स्टिरॉइडयुक्त मलमं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी मैत्रिणीच्या ट्यूबवरून ती फिरतातच. अशा चेहऱ्याला एक्सफोलिएशन (मेलेली त्वचा काढणं) पूर्ण वर्ज्य, आणि क्रीमही स्वतःहून एकदम तोडू नका, उलट भडकते.

आपल्या त्वचेत जास्त झाल्याची खूण लालीच असेल असं नाही. बऱ्याचदा तपकिरी-जांभळट छटा येते. चेहरा प्लास्टिकसारखा चकाकतो, आणि साधं पाणी किंवा नेहमीचं मॉइश्चरायझरही झोंबतं. ही तिसरी खूण सर्वांत भरवशाची. ती दिसली की दोन ते चार आठवडे सगळी ॲसिडं, रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, स्क्रब बंद. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश, सिरॅमाइडचं (त्वचेत मुळातच असणाऱ्या स्निग्धाचं) साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, रात्री झोंबणाऱ्या जागी पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, सकाळी झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. चरचर गेल्यावरही आठवडाभर थांबा. जळजळीनंतर उरलेला काळा डाग जायला महिने लागतात, आणि तो घासून घालवायला गेलं की आणखी खोल बसतो.

धागाकर्ती, सांगली

पार्लरताई, लग्नाच्या वेळापत्रकात हळदीचा दिवसही धरायला हवा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, इथे हळद हातचं राखून लावत नाहीत. सोललेल्या चेहऱ्यावर ती झोंबते, म्हणून ॲसिड हळदीच्या आधी सात दिवस बंद. घरच्या हळकुंडांची वस्त्रगाळ पूड चांगली, रंग घातलेली सुटी पूड नको.

खरी गडबड हळद उतरवताना होते. साबण लागला की हळद लालसर होते, अल्कलीत तिचा रंग असाच बदलतो. नवरीचा चेहरा लाल झाला म्हणून घरातले घाबरतात आणि बेसनाने खसाखसा घासतात. हळदीतला रंग तेलात सुटतो. दोन चमचे खोबरेल तेल हातावर घेऊन हलकेच फिरवा, पाच मिनिटं ठेवा, ओल्या मलमलीने टिपा, मग सौम्य फेसवॉश. मुरमांच्या चेहऱ्याला खोबरेलऐवजी क्लिन्झिंग ऑइल. थोडा पिवळेपणा राहिला तर राहू द्या, एक-दोन दिवसांत जातो.