पोटाचं औषध: कधी, कसं, किती दिवस? तुमचे अनुभव लिहा

पोटाच्या तक्रारींचा विषय निघाला की गोळ्यांची नावं पटापट सुचवली जातात. ती गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, किती दिवस, दुसरी औषधं चालू असतील तर काय, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते निम्मा गुण तिथेच ठरतो. तेव्हा त्रास काय होता, निदान काय झालं आणि औषध कसं घ्यायला सांगितलं, ते लिहा. दुसऱ्याचा डोस मात्र स्वतःला लावू नका.

सुरुवात मी करते. छातीत जळजळ, आडवं पडलं की घशाशी आंबट पाणी. आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल रात्री जेवणानंतर चालू होती, गुण जेमतेम. नव्या डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, वेळ तेवढी बदलली: सकाळी उपाशीपोटी, न्याहारीच्या अर्धा तास आधी. जठरातले आम्ल सोडणारे पंप खाणं सुरू झालं की कामाला लागतात आणि ही गोळी चालू पंपांनाच बंद करते. म्हणून ती आधीच रक्तात पोचलेली हवी. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात, हेही त्यांनी बजावलं. शिवाय पलंगाची डोक्याकडची बाजू सहा-आठ इंच उचलायला सांगितली. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि दाब उलट वाढतो. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास, झोप डाव्या कुशीवर.

पुढे गोळी हळूहळू कमी करत थांबवली. बऱ्याच दिवसांची गोळी एकदम सोडली की आम्ल काही काळ जास्तच उसळतं आणि दुखणं परतलं असं वाटतं. हे आधीच कळलं होतं म्हणून धीर धरता आला.

*

माझं दुखणं बेंबीच्या वर, रिकाम्या पोटी जास्त. दुर्बिणीतून तपासलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. मी अल्सरचं खापर कामाच्या ताणावर फोडत होतो. डॉक्टरांनी बॅरी मार्शल यांची गोष्ट सांगितली. 1984 मध्ये त्यांनी या जंतूचं मिश्रण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. रॉबिन वॉरन आणि त्यांना 2005 चं नोबेल मिळालं ते याच शोधासाठी.

उपचार 14 दिवसांचा: दोन अँटिबायोटिक, आम्ल कमी करणारी गोळी आणि बिस्मथ. तोंडाला सतत धातूची चव, जीभ काळी, शौचही काळी. याची कल्पना आधी दिली होती म्हणून घाबरलो नाही. मधेच सोडलं तर जंतू औषधाला सरावतो, म्हणून कोर्स पूर्ण केला. खरी परीक्षा नंतरची. जंतू गेला का, हे पाहायला श्वासाची चाचणी होते, तीही अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवड्यांनी. त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी बंद, नाहीतर जंतू असूनही अहवाल कोरा येऊ शकतो.

*

मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. साध्या अँटासिडबद्दल दोनच गोष्टी. मॅग्नेशियमवालं असेल तर शौच पातळ होते, ॲल्युमिनियमवालं असेल तर कडक. म्हणून बहुतेकांत दोन्ही एकत्र असतात. दुसरं, थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी किंवा काही अँटिबायोटिक चालू असतील तर त्यांच्यातही अंतर ठेवायचं. किती ते विचारून घ्या. नाहीतर ती औषधं अंगी लागत नाहीत.

*

जुलाबांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. मूल जुलाबाने दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्याने. म्हणून पहिलं औषध ओआरएस. ग्लुकोज आणि मीठ ठरावीक प्रमाणात असले की आतडं दोन्ही एकत्र आत ओढतं आणि त्यामागोमाग पाणी येतं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. 1971 मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच पाण्यावर असंख्य जीव वाचवले.

आयांना मी हात जोडून सांगते: पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घ्या आणि अख्खं पाकीट एकाच वेळी विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने टाकलं की प्रमाण बिघडतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा. सोबत झिंक 10 ते 14 दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान असेल तर 10. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड ही गोळी लहान मुलांना देऊ नका. मोठ्यांनीही शौचातून रक्त किंवा अंगात ताप असेल तर घेऊ नये. बाळ सुस्त झालं, लघवी होईना, डोळे खोल गेले, की थेट दवाखाना गाठा.

*

सासूबाईंना शस्त्रक्रियेनंतर ट्रामाडॉल चालू होतं आणि पोट साफ होणंच थांबलं. घरात इसबगोल होतं, पण डॉक्टरांनी ते नको म्हटलं. अशा वेदनाशामकांनी आतड्याची हालचाल मंदावते, त्यात पाणी कमी पिणाऱ्या माणसाला इसबगोल दिलं की ते आतच घट्ट बसू शकतं. त्याऐवजी पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर दिली. ती आतड्यात पाणी धरून ठेवते. कमोडवर बसताना पायांखाली छोटं स्टूल ठेवलं, त्याचाही उपयोग झाला.

*

मला आयबीएस, म्हणजे आतड्यात दिसणारा बिघाड नसतानाही पोटाचा वारंवार होणारा त्रास. पोटात कळ, शौचाला घाई, आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल. सिलियाकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार) रक्ततपासणी झाली, तीही गहू चालू असतानाच, कारण आधीच सोडला तर ती फसवी येऊ शकते. कळ कमी करणारी मेबेव्हेरीन जेवणाआधी वीस मिनिटं. त्याने भागलं नाही तेव्हा रात्री अगदी कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन दिलं. ते नैराश्याचं औषध आहे हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं, जणू दुखणं माझ्या मनातच आहे. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, ते अतिसंवेदनशील झालंय, आणि या मात्रेत औषध तिथल्या वेदना कमी करतं. कुणाला हेच औषध दिलं असेल तर बिचकू नका. वजन घटणं, रक्त पडणं, जुलाबाने झोपेतून जाग येणं ही आयबीएसची लक्षणं नव्हेत. त्यांची वेगळी तपासणी लागते.

*

पहिला अनुभव वाचून कुणी आम्लाची गोळी परस्पर थांबवू नये, म्हणून लिहितो. बाबांना हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. गुडघ्यांसाठी मधेच डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सुरू झालं आणि जठरातून रक्तस्राव झाला. पोट अजिबात दुखत नव्हतं. थकवा आणि काळी शौच, एवढंच. आता डायक्लोफेनॅक कायमचं बंद, ॲस्पिरिन चालू आणि पॅन्टोप्राझोल त्याच्या जोडीला नेहमीसाठी. वर बिस्मथच्या काळ्या शौचाचा उल्लेख आलाय. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो. पण डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची असेल तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालयात न्या, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत घ्या.