गिटारचा सोलो सुरात आहे, पण बोलत नाही. काय चुकतंय?

मंद्रसप्तक:
टॅबप्रमाणे (कोणती तार कुठे दाबायची ते दाखवणारी लिपी) नोट्स बरोबर, १४० बीपीएमला (मिनिटाला १४० ठोके) वेगही जमतो. तरी रेकॉर्डिंग ऐकलं की सोलो टाइप केल्यासारखा वाटतो. तारा ०९–४२ (हलक्या जाडीचा संच), स्टँडर्ड ट्यूनिंग, गेन (आवाज फाटण्याची पातळी) जवळपास पूर्ण. ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी किंवा मेगाडेथमध्ये वाजवलेला मार्टी फ्रीडमन चार सुरांत जे सांगून जातात, ते कुठून येतं?

सहावी तार:
वेग बाजूला ठेवा, बेंड (तार ढकलून सूर चढवणं) तपासा. तिसऱ्या तारेवर ९ वा फ्रेट (दांड्यावरची धातूची पट्टी) वाजवून तो ई (E) सूर कानात धरा, मग ७ व्या फ्रेटवरून तार ढकलत तिथे पोचा. अनामिका सुरावर, मधलं बोट आणि तर्जनी मागून आधाराला. एकट्या बोटाने ढकललं की सूर किंचित खाली राहतो, आणि डिस्टॉर्शन (गेनने फाटलेला आवाज) ती चूक झाकत नाही, चव्हाट्यावर आणतं. हे बसलं की दुसऱ्या तारेवर १२ व्या फ्रेटवरून १३ व्याच्या सुरापर्यंत अर्ध्या स्वराचा बेंड. तो जास्त अवघड, कारण जरा जास्त ढकललं तरी लगेच खटकतं.

व्हायब्रॅटो (सुराचा हेलकावा) बोटाने नाही, मनगट फिरवून. बेंडवर करताना तार किंचित सैल सोडायची आणि पुन्हा त्याच सुरावर आणायची, वर न्यायची नाही. आधी सूर स्थिर ठेवा, मग हलवा. १२० बीपीएमला प्रत्येक ठोक्यात दोन हेलकावे भारदस्त वाटतात, तीन घेतले तर अस्वस्थ. मींड ऐकलेल्या कानाला हे लवकर कळेल.

फ्रीडमनची खुबी वेगळी: तो अनेकदा स्केलबाहेरच्या (गाण्याच्या ठरलेल्या सुरांबाहेरच्या) सुरावरून निघून कॉर्डच्या (साथीला एकत्र वाजणाऱ्या सुरांपैकी) सुरावर उतरतो. पोचण्याआधीचा तो ताणच आपण ऐकत असतो.

हमबकर:
गेन आधी कमी करा! पूर्ण गेनवर सिग्नल इतका दाबला जातो की हळू आणि जोरात मारलेला पिक सारखाच ऐकू येतो, मग बोलणार काय? एकच सूर दोन्ही प्रकारे वाजवा आणि फरक ऐकू येईपर्यंत नॉब मागे न्या. सूर लवकर विरतोय असं वाटेल. मिड (मधल्या पट्टीचा आवाज) वाढवा, ३५०–४०० मिलिसेकंदांचा डिले (प्रतिध्वनी) अगदी हलका ठेवा.

सैलतार:
आयोमीचं उदाहरण घेताय तर ट्यूनिंगही बघा. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. हलक्या तारा त्याने त्यामुळेच घेतल्या, आणि १९७१ च्या अल्बमात काही गाण्यांना गिटार तीन सेमिटोन (अर्धे स्वर) उतरवली. सैल तार बोटाला सोपी असते, पण थोड्याच ढकलण्यात सूर जास्त चढतो. व्हायब्रॅटो लगेच बेसूर होतो.

मंद्रसप्तक:
गेन अर्ध्यावर आणला, फरक आहे. पण दोन तारांच्या बेंडमध्ये न ढकललेली तार उतरते.

सैलतार:
फ्लोटिंग ब्रिज (तारा बांधलेला, स्प्रिंगवर तोललेला हलता भाग) असणार. एक तार ताणली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या सैल पडतात. स्थिर तारही जराशी ढकलून भरून काढा, किंवा मागच्या पोकळीत लाकडाचा ठोकळा बसवून ब्रिज अडवा. मग ब्रिज हलवायचा बार खाली दाबता येणार नाही, एवढंच.