सिसिलीत ८ दिवस, गावं किती कापू?

बर्डीवाली:
मंडळी, मेच्या शेवटी मी, नवरा अन् आई इटलीतल्या सिसिली बेटावर जाऊन राहिलो, पालेर्मोत उतरणार, कटानियाहून परत. नवऱ्याच्या एक्सेलमध्ये ८ दिवसांत ७ गावं आहेत, मी तं वाचूनच थकली. आईचे गुडघे दुखतात पण तिला जुनी देवळं पाहायचीच आहेत, मला नुसतं समुद्रात पाय टाकून बसायचं आहे. काय काय कापू? अन् आई शुद्ध शाकाहारी, खाण्याचं कसं?

तर्रीपोहे:
ताई पहिले ती एक्सेल डिलीट मारा. पालेर्मोहून ट्रेननं तासाभरात चेफालू, वाळूचा बीच जुन्या गावाला अगदी खेटून, केस ओले असतानाच गल्लीत शिरता येते. ११३१ मध्ये दुसऱ्या रॉजर राजानं सुरू केलेलं कॅथेड्रल तिथंच आहे, आतला सोनेरी मोझॅइकचा येशू पाहाच, फक्त खांदे झाकायला ओढणी ठेवा. मागचा डोंगर आईला नको.
मग सरळ सिराकुझा, तिथल्या जुन्या गावाच्या बेटावर, ओर्तीजियात, ४ रात्री. तिथलं कॅथेड्रल म्हणजे इ.स.पू. ५व्या शतकातलं अथेनाचं ग्रीक देऊळ, खांबांमधल्या जागा दगडांनी बुजवून भिंत केली अन् झालं चर्च. बाजूच्या गल्लीतून जाताना ते जाडजूड खांब भिंतीतून बाहेर आलेले दिसतात, मी हात लावून पाहिला, बाकी सगळं विसरलो पण तो खरखरीत दगड आठवते.

कूलरवाला:
मी "नागपूरचे आहो, ऊन काय करते आपल्याला" म्हणत जुलैत गेलो अन् तोंडावर पडलो 😅 सिराकुझाजवळच्या फ्लोरिदियात ११ ऑगस्ट २०२१ ला ४८.८ डिग्री होतं, युरोपातला रेकॉर्ड आहे तो. मे बरा, पण पाणी गारच राहते, पाय टाकायला ठीक. अग्रिजेंतो गावची जुनी ग्रीक देवळं पाहाल तं संध्याकाळी, तिथं सावलीच नाही. दुपारी दुकानांची शटरं खाली, तेव्हा झोपून घ्या.

संत्राबर्फी:
आईंना "पास्ता अल्ला नोर्मा" द्या, वांगं-टोमॅटो अन् वर खारं रिकोटा चीज किसून, आपल्या भरताची मावसबहीणच. अरांचिनी म्हणजे भाताचा तळलेला गोळा, आत बहुतेक वेळा खिमा असते, विचारल्याशिवाय तोंडात टाकू नका. सकाळी बदामाचा ग्रानिता (गोड बर्फाचा चुरा) अन् ब्रिओश (मऊ गोड पाव), गोळ्यावाल्याची आठवण येईल.

बर्डीवाली:
थँक्यू सगळ्यांना. आईला खांबांचं वाचून दाखवलं तं म्हणते, मला तिथंच बसवा अन् तुम्ही हिंडा. नवऱ्यानं मात्र नोतो परत घुसवलं 🙄

तर्रीपोहे:
राहू द्या नोतो. १६९३ च्या भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं गाव आहे, सिराकुझाहून सकाळी जाऊन जेवायला परत.