विकण्याआधी डिझेल फिल्टर बघा
इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे नोझल) बदलूनही पिकअप गाडी लोड घेऊन चढावर दम टाकते, विकून टाकू का, असं विचारलंयत. आधी डिझेल फिल्टर उघडा. तळाशी चकचकीत धातूची भुकटी दिसली, तर हाय-प्रेशर पंप (इंजेक्टरकडे जोराच्या दाबाने डिझेल ढकलणारा) आतून झिजतोय आणि ती भुकटी नवे इंजेक्टरही खाणार. मग पंप, रेल (पंपाकडून इंजेक्टरला डिझेल वाटणारी नळी), इंजेक्टर सगळंच बदलावं लागणार, वर टाकी धुवा! त्यापेक्षा अशी गाडी विकलेलीच बरी (घेणाऱ्याला खरं सांगून). फिल्टर स्वच्छ निघाला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासा. सगळ्या सिलिंडरचं सारखं आणि पुरेसं आलं तर मी तरी गाडी ठेवीन. रोजच्या फेऱ्या छोट्या असतील तर मात्र डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीने तुंबत राहणार, नव्या डिझेल पिकअपलाही हेच रडगाणं. त्यापेक्षा पेट्रोल बघा.