मुलगा सहा वर्षांचा, रात्री अंथरूण ओलं होतं. मदत हवी आहे

मुलगा पहिलीत आहे. दिवसा कोरडा, पण आठवड्यातून चार-पाच रात्री गादी ओली. सलग आठवडाभर कोरडा असा कधीच राहिलेला नाही. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करून पाहिलं. बाराला उचलून शू करवून आणतो, तरी पहाटे ओलंच. शाळेतलं शौचालय घाण म्हणून तिथे जात नाही. शी दोन-तीन दिवसांनी होते, खडा होतो. घरातले म्हणतात, चांगलं ओरडा. डायपर लावावा का?

प्रतिसाद १
ओरडू नका. झोपेत होतं ते, मुद्दाम नाही. आणि ज्या वाक्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात तेच महत्त्वाचं आहे: खडा. गुदाशय मूत्राशयाला मागून चिकटूनच असतो. तिथे मळ साठला की मूत्राशयाला फुगायला जागा उरत नाही. आधी पोट साफ व्हायला हवं. मळ मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून घ्या, शी रोज मऊ व्हायला लागली तरी मनाने बंद करू नका. जेवणानंतर पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, पाय लोंबकळत असले की जोर लावता येत नाही.

शाळेची पाण्याची बाटली भरलेलीच परत येते का, बघा. दिवसभर तहानलेलं मूल घरी आल्यावर ढसाढसा पिणारच, मग सहानंतर बंद करून काय उपयोग? साधारण 40 टक्के पाणी सकाळी, 40 दुपारी, 20 संध्याकाळी. दर दोन-तीन तासांनी शू. त्यासाठी बाईंशी बोला.

प्रतिसाद २
सुट्टीच्या दोन दिवसांत मापी पेल्यात शू मोजा, सकाळची पहिली सोडून. मूत्राशयात साधारण किती मावायला हवं? वयात एक मिळवून 30 ने गुणायचं, म्हणजे याचं 210 मिली. कायम 130 च्या आतच भरत असेल तर मूत्राशय लहान पडतंय.

बाराला उचलणं म्हणजे झोपेतच शू करायची सवय. त्या रात्रीची गादी वाचते, इतकंच. डायपर प्रवासात लावा, त्यालाही चालत असेल तर.

प्रतिसाद ३
गादीवर मेणकापड, चादर, पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री वरची जोडी ओढून काढली की खालचं अंथरूण तयार. कापसाची गादी भिजली तर पावसाळ्यात वाळतच नाही.

धागाकर्ती
चड्डीला लावायचा, ओलं होताच वाजणारा अलार्म मिळतो म्हणे, तो घेऊ का?

प्रतिसाद २
पोट सुधारल्यावर. सुरुवातीला घरातले सगळे उठतात, तो सोडून! तुम्हीच त्याला पूर्ण जागं करून चालत न्यायचं. दोन-तीन महिने धरा, सलग 14 रात्री कोरड्या गेल्या की काढा. रात्रीची लघवी कमी करणारी डेस्मोप्रेसिनची गोळी डॉक्टरांनी दिलीच, तर घेण्याआधी एक तास आणि नंतर आठ तास पाणी जवळपास बंद. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात.

प्रतिसाद १
एकदा लघवी तपासून घ्या. अचानक तहान वाढली, वजन उतरलं, लघवीला जळजळ झाली किंवा दिवसाही कपडे ओले होऊ लागले तर त्याच दिवशी दाखवा. रात्री घोरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.